गिटारच्या तारा निवडताना सूत्र कुठे जाते?

ताणलेल्या तारेचे नियम मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहे. सोनोमीटरवर तार चढवायची, टांगणीला वजने अडकवायची, नादकाट्याशी स्वर जुळवायचा आणि वहीत कोष्टक भरायचे. पण माझ्या मुलीच्या क्लासिकल गिटारच्या तारा बदलायची वेळ आली, तेव्हा यातले काहीच मला आठवले नाही. दुकानात सांगण्यात आले, "नायलॉन कशाला? पोलादी तारा घ्या. आवाज मोठा आणि टिकायलाही पक्क्या." मी मान डोलावली. दीड महिन्याने एका रात्री घरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. गिटारची घोडी, म्हणजे तारा जिला बांधतात ती लाकडी पट्टी, वरच्या फळीचा पापुद्रा घेऊन उखडली होती. दोष दुकानदारापेक्षा माझाच अधिक होता.

फ्रान्समधील मेर्सेन या विद्वानाने हे नियम १६३६ साली ग्रंथरूपाने मांडले. तारेची कंप्रता तीन गोष्टींवर ठरते : तारेची लांबी, तिच्यावरील ताण आणि दर मीटर लांबीचे वस्तुमान. आता गिटारकडे पाहा. कंप पावणाऱ्या तारेची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर, ती बदलता येत नाही. स्वरही ठरलेला; सर्वांत बारीक तारेची कंप्रता सुमारे ३३० हर्ट्‌झ हवी. मग उरले काय? वस्तुमान आणि ताण. तार जड घेतली, की तोच स्वर मिळवण्यासाठी ताण त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. म्हणजे दुकानात आपण नुसती तार घेत नाही, तिच्याबरोबर ताणही घरी आणतो.

थोडे गणित करू. नायलॉनची पहिली तार सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावरील ताण ७ ते ८ किलो वजनाइतका येतो. पोलादी तार ०.३ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहून बारीक. पण पोलादाची घनता नायलॉनच्या जवळजवळ सातपट! तिचा ताण साडेदहा किलोच्या घरात जातो. सहा तारांची बेरीज केली, तर नायलॉनची सुमारे ४० किलो आणि पोलादाची ६० ते ७५ किलो होते. क्लासिकल गिटारची वरची फळी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची असते. पोलादी तारांची गिटार वेगळीच घडवतात. तिच्या फळीखालचे आधार भक्कम असतात आणि बहुधा मानेत लोखंडी सळईही असते. तार बारीक दिसते म्हणून ती सौम्य, हा डोळ्यांचा भ्रम आहे.

पूर्वी या गिटारला मेंढीच्या आतड्याच्या तारा लावीत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याचा धागा लागू लागला, तारा मिळेनाशा झाल्या आणि १९४० च्या दशकात नायलॉन पुढे आले. खर्जाच्या तीन तारांना जास्त वस्तुमान हवे. पण नायलॉन नुसते जाड केले, तर तार ताठर होऊन बद्द वाजते. म्हणून बारीक नायलॉन तंतूंच्या जुडीवर, चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळतात. वजन वाढते, लवचीकपणा टिकतो. साध्या नायलॉनची तिसरी तार अनेकदा मंद वाटते, ती याच जाडीमुळे. तिच्या जागी फ्लुओरोकार्बनची तार लावता येते. त्याची घनता नायलॉनच्या सुमारे दीडपटीहून अधिक असल्याने तार बारीक पुरते आणि स्वर उजळ लागतो.

कोणी म्हणेल, "संगीत कानाने ठरते, तिथे गणित कशाला?" हे मला अर्धेच मान्य आहे. वाद्याला कोणता ताण सोसेल, हे गणिताने ठरवावे. सोसणाऱ्या तारांपैकी कोणती गोड, हे कानाने. हा क्रम उलटला, की घोडी उखडते. तसेच पाकिटावरील 'हार्ड' या शब्दाने भुलू नका. त्याचा अर्थ जास्त ताण एवढाच आहे, जास्त चांगली तार असा नव्हे. शिकाऊ बोटांना 'नॉर्मल' ताणच बरा. महाग तार म्हणजे योग्य तार, हेही खरे नाही.

तेव्हा तारा घेताना एवढे करा. पाकीट नायलॉनचे, क्लासिकल गिटारसाठीचे आहे ना, ते पाहा. अनेक पाकिटांवर प्रत्येक तारेची जाडी आणि ताण छापलेला असतो. ताण पौंडांत असेल तर ०.४५ ने गुणा, सहाही आकड्यांची बेरीज करा आणि ती ४० किलोच्या आसपास येते का, ते तपासा. दोन मिनिटांचे काम आहे.

आमची गिटार दुरुस्त झाली. घोडीजवळ सरसाचा डाग मात्र राहिला. पुढच्या वर्षापासून सोनोमीटरच्या तासाला मी ती गिटार वर्गात नेणार आहे. वहीतल्या कोष्टकाशेजारी ती ठेवली, तर माझ्या विद्यार्थ्यांना हे सूत्र दुकानातही आठवेल, अशी मला आशा आहे.