दोन वजनांची पिशवी

१० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्या जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव, त्याच जिल्ह्यात संमेलनाध्यक्षाच्या आसनावर प्रथमच एक कॅथलिक धर्मगुरू बसले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली आणि विरोधाचे काहूर उठले. साहित्य महामंडळाला धमकीचे दूरध्वनी आले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनी जाऊ नये म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले. महानोर गेले, संमेलन पार पडले. मराठी रसिकाने आपले मन मोठे असल्याचे दाखवून दिले, याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे.

तथापि एक शब्द मनात सलत राहिला. वृत्तपत्रांनी या साऱ्या प्रकाराला ‘वाद’ म्हटले. वादाला दोन पक्ष लागतात. येथे एका पक्षाने धमकावले आणि दुसऱ्या पक्षाचा अपराध एवढाच, की त्याने झगा घातला होता. मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच शब्दात बसवून तटस्थतेचा आव आणणे, ही तटस्थता नव्हे. दुहेरी मापाचा चटका म्हणजे काय, हे त्या वेळी आपल्याला कळले.

ज्याला तो चटका बसला, त्याने दुसऱ्याच्या बाबतीत तरी माप चोख ठेवावयास नको काय?

याच फादरांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकात इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षाचा मागोवा घेतला. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले, तेव्हा ती भूमी पुन्हा रक्ताने भिजत होती. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० माणसे मारली व २५१ जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार, साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. या काळात वृत्तमाध्यमांवर दोन्हीकडून आरोप झाले: कोणी म्हणे ती यहुदीद्वेष्टी आहेत, कोणी म्हणे ती पॅलेस्टिनींचे रक्त पाण्याच्या मोलाचे समजतात.

यहुदीद्वेषाचा आरोप सर्वस्वी पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला. इस्रायलच्या बॉम्बने तो झाला, असे जगभर तत्काळ ठोकून देण्यात आले. पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला हमासच्या दाव्यावर फाजील भिस्त ठेवल्याची कबुली द्यावी लागली. जो शत्रू वाटतो त्याच्याविषयी वाईट वार्ता आली की ती तपासावीशी वाटत नाही. पूर्वग्रह म्हणतात तो हाच.

परंतु याच आरोपाची ढालही केली जाते. गाझातील मृत मुलांची संख्या उच्चारली, की उच्चारणारा यहुदीद्वेष्टा ठरतो. हे सर्वथा अमान्य. एका शासनाच्या कृत्याचा जाब विचारणे म्हणजे एका समाजाचा द्वेष करणे नव्हे. मात्र जाब विचारणाऱ्याने ‘इस्रायलचे शासन’ म्हणावयाच्या जागी ‘हे यहुदी असेच’ म्हटले, की त्याच क्षणी तो न्यायाची बाजू सोडून द्वेषाच्या बाजूला गेला. अलिबागकडे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, आपले बेने इस्रायल, यांचा गाझाशी काय संबंध? आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये दहशतवादी शिरले, ते कोणत्या शासनाचा जाब विचारायला? तेथे यहुदी राहतात, एवढेच त्यांना पुरेसे होते.

वाचकहो, आता दिवा आपल्याच घरात फिरवू. यहुदीद्वेष ही काही परक्यांची मिरासदारी नाही. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायासन आले, ते प्रथम यहुदी वंशाच्या नवख्रिस्तींच्या मागे लागले. वैद्यराज गार्सिया द ओर्ता यांच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्यांची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना लावलेले ‘विश्वासघातकी’ अशा अर्थाचे विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढून टाकले. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांच्या माथी मारता येणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी स्पष्ट केले. आज किती घरांत हे मुलांना सांगितले जाते?

दुसरे मापही आपल्याच हाती आहे. १७ जुलै २०२५ रोजी गाझातील पवित्र कुटुंबाच्या चर्चवर इस्रायली तोफगोळा पडला, तिघे दगावले, फादर गाब्रिएल रोमानेली जखमी झाले. आपण व्याकूळ झालो, होणे साहजिकच. पण त्याआधी जमीनदोस्त झालेल्या मशिदींसाठी, शाळांसाठी आपल्या ओठांवर किती प्रार्थना आली? आपल्या मढ्याला अश्रू आणि परक्याच्या मढ्याला आकडा, असे असेल तर वृत्तपत्रांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

धाराशिवकरांना हे दूरचे वाटू नये. रझाकारांचे अत्याचार येथील वृद्धांनी सांगितले, ते खरेच होते आणि सांगितलेच पाहिजेत. पण सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर मुसलमानांची जी कत्तल झाली, तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. संस्थानभरातील मृतांची संख्या तिने किमान २७ ते ४० हजार धरली. तो अहवाल कित्येक दशके बासनात राहिला. एक दुःख आपण व्यासपीठावरून सांगितले. दुसरे फडताळात कुलूपबंद केले.

उपाय अवघड आहे, पण अस्पष्ट नाही. बातमी वाचताना नावांची अदलाबदल करून पाहावी. मारणारा आपला आणि मेलेला परका असता, तर हाच शब्द, हाच मथळा, हाच संताप आपल्याला पटला असता काय? पटला नसता, तर पिशवीत दोन वजने आहेत. अशी दोन वजने बाळगू नयेत, असे मोशेचे नियमशास्त्र बजावते. आणि ते नियमशास्त्र आपल्याला यहुद्यांकडूनच मिळाले आहे.