कॉपी करावी तर अशी!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एकच जर्नल दहा खोल्या फिरतं. त्यातलं चुकलेलं रीडिंगही दहा जर्नलांत इमानेइतबारे उतरतं. कॉपी करतो म्हणून ओरडायला सर-मॅडम आहेतच. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याला कॉपीसुद्धा धड जमत नाही!

ती शिकावी ई. कोलाय या जिवाणूकडून. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात. त्यांची नक्कल करतं डीएनए पॉलिमरेज थ्री हे एन्झाइम, तेही सेकंदाला सुमारे १००० अक्षरं या वेगाने! बीटा नावाचं कडं डीएनएभोवती बसतं, म्हणून हे मशीन घसरत नाही. अल्फा हा भाग अक्षरं जोडतो. त्याचं लाखात एखादं चुकतं. पण त्याला चिकटूनच एप्सिलॉन बसलेला असतो. चुकीचं अक्षर लागलं की तो बहुतेक वेळा तिथल्या तिथे कापून टाकतो. मग चूक उरते अंदाजे कोटीत एखादी. हा एप्सिलॉन बिघडला तर चुका हजार पटींहूनही वाढू शकतात.

म्हणजे अचूकपणा नुसत्या लिहिणाऱ्याच्या हुशारीत नाही, शेजारी बसलेल्या तपासनिसातही आहे. म्हणून सुचवावंसं वाटतं, प्रॅक्टिकलला एकाने रीडिंग घ्यावं, दुसऱ्याने लगेच तपासावं, आणि तपासण्यालाही मार्क असावेत. उद्या आपल्यातलेच कोणी पुलाची ड्रॉइंग्ज काढणार आहेत. 'तपासायला वेळ नव्हता' हे तिथे चालणार नाही. सेकंदाला हजार अक्षरं लिहिणाऱ्यालाही तो मिळतो!