जाहीर आवाहन : इमारत रिकामी करण्याआधी घरातल्या ज्येष्ठांची सोय ठरवा



मुंबई, ठाणे, पुण्यात सध्या जुन्या इमारती झपाट्याने रिकाम्या होत आहेत. गिरगाव-परळच्या चाळी असोत, मुलुंड-बोरिवलीच्या चार मजली सोसायट्या असोत किंवा कोथरूडमधल्या, सगळीकडे तीच लगबग आहे. लिफ्टचं, मोकळंढाकळं घर मिळणार ही आनंदाची गोष्ट आहे. जिना उतरता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं घरात अडकलेल्या वृद्धांना तर त्याची सर्वांत जास्त गरज आहे. त्यामुळे हे आवाहन पुनर्विकासाच्या विरोधात नाही. पण जुनं घर सोडल्यापासून नव्या घराची चावी हातात येईपर्यंत दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. या काळात अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळेपणाचा आजार जडलेल्या, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचं काय, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी टेम्पो दारात उभा राहिल्यावर निघतो. तोवर उशीर झालेला असतो.

मी घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारी परिचारिका आहे. स्थलांतराच्या दिवसांत जे डोळ्यांनी पाहिलं, त्यातलं थोडं सांगते.

पक्षाघात झालेल्या एका आजींच्या घरी बाकी सामानाबरोबर हवेची गादीही बांधली गेली. नव्या जागेत ती खोक्यांच्या ढिगात कुठे गेली ते कळेना. घरातली सगळी माणसं सामान लावण्यात गुंतलेली, त्यामुळे दर दोन तासांनी कूस बदलणंही राहून गेलं. मी पोहोचले तेव्हा माकडहाडावर लाल चट्टा होता आणि बोटाने दाबला तरी तो फिका पडत नव्हता. बेडसोरची सुरुवात अशीच होते. सावळ्या कातडीवर ही लाली दिसतही नाही. तिथली कातडी गरम, कडक किंवा काळसर झालेली असते. हे व्हायला थोडे तास पुरतात, जखम खोल गेली तर भरायला महिने लागतात.

चालत्याफिरत्या ज्येष्ठांचा त्रास वेगळा असतो. भाड्याच्या घरातला संडास अनोळखी, उंबरा उंच, फरशी गुळगुळीत, रात्री दिव्याचं बटण सापडत नाही. पडण्याच्या धास्तीने ते पाणीच कमी पितात. मग बद्धकोष्ठता होते, लघवीला जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा वागू लागतो. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा मध्यरात्री “मला घरी सोडा” म्हणत कडी काढू लागतात. “जागा बदलली ना, होईल सवय,” असं म्हणून घरचे वाट पाहतात. कृपा करून वाट पाहू नका. एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालेला गोंधळ हा आजार समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कारण सापडून उपचार झाले तर बहुतेक वेळा माणूस सावरतो.

शिवाय जुन्या घराभोवती सेवेची एक घडी बसलेली असते. खालच्या गल्लीतले डॉक्टर हाकेसरशी वर येतात, औषधवाला घरपोच औषधं देतो, रुग्णसेवेच्या ब्युरोतून आलेली मावशी दोन स्टेशनांवरून वेळेत पोहोचते, शेजारणीकडे जादा किल्ली असते. दादर सोडून डोंबिवलीला गेलं की ही घडी एका दिवसात मोडते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसासाठी तर केंद्र किती लांब आहे, यावरच सगळं अवलंबून असतं.

म्हणून ही कळकळीची विनंती.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना : पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून देणारा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय तुमच्या माहितीचा आहे. विशेष सर्वसाधारण सभा, सल्लागार, निविदा या सगळ्या टप्प्यांत चटई क्षेत्र, कॉर्पस आणि पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्यातला एक तास ज्येष्ठांसाठी द्या. कोण अंथरुणावर आहे, कोण ऑक्सिजनवर, कोण एकटं, याची यादी कुटुंबाच्या संमतीने करा आणि ती फलकावर न लावता समितीपुरती ठेवा. स्ट्रेचरवरून नेण्याचा, रुग्णवाहिकेचा खर्च विकास करारनाम्यात लिहून घ्या. 108 ची रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णांसाठी असते, घर बदलण्यासाठी ती मागू नका. शेवटचा आजारी सभासद बाहेर पडेपर्यंत पाणी, वीज आणि लिफ्ट बंद केली जाणार नाही, ही अट करारात हवीच. प्रत्येक ज्येष्ठ सभासदाचं नामनिर्देशन आधीच दप्तरी असू द्या. नव्या इमारतीत स्ट्रेचर आडवं मावेल अशी लिफ्ट, उतार आणि चाकाची खुर्ची आत जाईल एवढा न्हाणीघराचा दरवाजा, या गोष्टी आराखडा मंजुरीला जाण्याआधी मागा. नंतर कोणी ऐकणार नाही.

विकासकांना : भाडं ठरलेल्या तारखेला द्या. भाडं थकलं तर कमावता माणूस उसनवारी करून निभावतो, पेन्शनवर जगणाऱ्याला मात्र पुन्हा घर बदलावं लागतं. आजारी ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना त्याच भागात, तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत घर शोधायला मदत करा.

घरमालकांना : “घरात पेशंट आहे” म्हटल्यावर नाही म्हणू नका. संडासात आधाराची दांडी बसवायला परवानगी द्या. शक्य असेल तर अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार करा, म्हणजे दर वर्षी त्याच म्हाताऱ्या माणसाला उचलून दुसरीकडे न्यावं लागणार नाही.

कुटुंबीयांना : घर पाहायला जाल तेव्हा हॉल नंतर पाहा, आधी संडास, जिना आणि जवळचा दवाखाना पाहा. आई-वडिलांना विचारून ठरवा. शक्य असेल तर त्यांना एकदा ते घर दाखवून आणा. बांधाबांध चालू असताना त्यांना नातेवाइकांकडे ठेवा आणि त्यांची खोली पूर्ण लागल्यावरच घेऊन या. पलंग भिंतीच्या त्याच बाजूला, देव, घड्याळ आणि फोटो नजरेसमोर, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. पंधरा दिवसांची औषधं, चिठ्ठ्या, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, डायपर आणि हवेची गादी टेम्पोत चढवू नका, स्वतःबरोबर न्या. विसर पडणाऱ्या माणसाच्या खिशात नवा पत्ता आणि फोन नंबर ठेवा. जुनी मावशी लांब पडणार असेल तर नवीला आधीच बोलावून चार दिवस दोघींना बरोबर काम करू द्या.

कागदपत्रंही वेळेत करा. 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर कुटुंबातील ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. पेन्शनसाठीचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता मोबाइलवरून चेहरा दाखवूनही देता येतो.

काही कुटुंबांना या काळासाठी वृद्धाश्रमाचा किंवा शुश्रूषा केंद्राचा आधार घ्यावा लागेल. त्यात कमीपणा नाही. मात्र ज्येष्ठांची संमती घ्या, रात्री परिचारिका असते का ते स्वतः जाऊन पाहा, भेटीचे वार ठरवा आणि परत कधी नेणार ते त्यांना सांगा. सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचं सोडून देणं हा 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणावर अशी वेळ आली असेल तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मोफत हेल्पलाइनवर कळवा.

आणि शेजाऱ्यांना : इमारत पडली तरी ओळख मोडू देऊ नका. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठामागे दोन घरांनी जबाबदारी घ्यावी, आठवड्यातून एक फोन, महिन्यातून एक फेरी.

ज्यांनी हप्ते भरून, पोटाला चिमटा काढून ही जागा घेतली, त्यांच्याच सह्यांवर आज नवी इमारत उभी राहते आहे. त्या इमारतीत राहायला ते धडधाकट पोहोचले पाहिजेत. आपल्या संस्थेच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेत “ज्येष्ठ सभासदांची स्थलांतर काळातील सोय” हा विषय घाला आणि त्यावर ठराव केल्याशिवाय घर रिकामं करण्याची तारीख जाहीर करू नका.

आपली नम्र,
घरोघरी रुग्णसेवा करणारी एक परिचारिका