कुंडीला आधी सावली, मग पाणी

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा हा घरच्या बागेचा सर्वांत अवघड काळ. मृगाला अजून अवकाश असतो, गच्ची तापलेली असते आणि दुपारी बाराच्या सुमारास जास्वंद, मिरची, वांगे माना टाकतात. ते पाहून घरातले कोणी तरी नळी घेऊन धावते. संध्याकाळी पुन्हा पाणी. तरीही पंधरा दिवसांत पाने पिवळी पडतात आणि ‘एवढे पाणी घालूनही झाड गेले’ अशी हळहळ सुरू होते. बऱ्याचदा ते झाड पाणी घातल्यामुळेच गेलेले असते.

पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान थंड राहते. आपल्याला घाम येतो त्यामागचे तत्त्वही हेच. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. मात्र भर दुपारी पानांतून पाणी जेवढ्या वेगाने उडते, तेवढ्या वेगाने ते मुळांना पुरवता येत नाही. माती ओली असली तरीही. मग पाने लोंबतात. लोंबलेल्या पानावर ऊन थेट पडत नाही आणि रंध्रे मिटल्याने पाण्याचा खर्चही घटतो. सूर्य कलला की तेच झाड पुन्हा ताठ उभे राहते. म्हणून झाडाची तहान दुपारी जोखू नये, सकाळी सात वाजता जोखावी. सकाळीही पाने मलूल असतील आणि मातीत दोन पेरे बोट खुपसल्यावर ओल लागत नसेल, तरच ते झाड खरोखर तहानलेले.

ओल्या मातीत पुन्हा पाणी ओतले तर काय होते? मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीतली हवा त्यांच्या कामी येते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने पुन्हा माना टाकतात आणि आपण पुन्हा नळी हाती घेतो. हे दुष्टचक्र अनेक घरांत उन्हाळाभर चालते.

कुंडीतल्या झाडाचे खरे दुखणे तापलेल्या मातीत आहे. जमिनीतले झाड मुळे खोल गारव्यात नेऊ शकते. कुंडीत ती सोय नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू हाताला चटका देते आणि नेमकी तिथेच, कडेला, कोवळी मुळे असतात. तेव्हा पहिला उपाय सावलीचा. पश्चिमेच्या बाजूला पन्नास टक्क्यांची शेडनेट किंवा जुनी सुती साडी बांधावी. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, लहान आत आणि मोठ्या बाहेर. खाली दोन विटा द्याव्यात, म्हणजे तापलेल्या स्लॅबचा चटका बसणार नाही. मातीवर दोन इंच वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या किंवा उसाचे पाचट पसरावे. खोडाजवळची जागा मात्र मोकळी सोडावी. मोगऱ्यासारखी ऊन मागणारी झाडे उन्हातच राहू द्यावीत, आच्छादन त्यांनाही द्यावे.

यानंतर पाणी. ते सकाळी, हळूहळू, कुंडीच्या तळातून झिरपेपर्यंत द्यावे आणि वरची माती सुकेपर्यंत पुन्हा देऊ नये. विदर्भातल्या ४५ अंशांत लहान कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागेलही; पण ते घड्याळाने नव्हे, बोटाने ठरवावे. दुपारी पानांवर थेंब राहिले तर ते भिंगासारखे काम करून पान जाळतात, हा समज गुळगुळीत पानांबाबत खरा नाही. हंगेरीतील संशोधकांनी २०१० साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात तसे दाखवून दिले आहे. उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी मात्र खरोखर कढत असते. ते बादलीत सोडावे.

या काळात खत, छाटणी, कुंडी बदलणे हे सारे थांबवावे. टोमॅटोची फुले गळतात ती बहुधा रोगाने नव्हे. ३५ अंशांच्या वर पारा गेला की त्याचे परागकण नीट काम करीत नाहीत. औषध फवारून ही गळ थांबत नाही.

आता थोडा हिशेब. पंधरा लिटरची बादली आपल्या नळीने किती वेळात भरते, ते एकदा मोजून पाहा. ती मिनिटाभरात भरत असेल, तर दहा मिनिटांत १५० लिटर पाणी गेले. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. जलजीवन मिशनचे ग्रामीण भागासाठीचे उद्दिष्ट ५५ लिटर. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या राज्यात, झाडाला नको असलेले पाणी कुंडीत ओतणे मला तरी समर्थनीय वाटत नाही. भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी, एसीतून ठिबकणारे पाणी बागेला चालते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र रोज घालू नये. त्यातले क्षार कुंडीत साचतात आणि पानांच्या कडा करपतात.

जास्तीचे पाणी आणखी एक धोका आणते. कुंडीखालच्या ताटलीत ते साचते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढे पुरते. या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरड्यातही काही महिने तग धरतात आणि पहिल्या पावसात फुटतात. ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून घ्याव्यात, नुसत्या उपड्या करून भागत नाही.

आणि बाग सांभाळणाऱ्या माणसाचे काय? बहुतेक घरांत हे काम आजी-आजोबांकडे असते. वाढत्या वयात तहान कमी जाणवते, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी घटते. अकरा ते चार या वेळेत त्यांनी गच्चीवर जाऊ नये, हे घरातल्या इतरांनी आग्रहाने सांगावे. दुपारी मान टाकलेले झाड संध्याकाळी सावरते. उष्माघात झालेल्या माणसाला तेवढी सवड नसते.

फुलांचा आणि फळांचा हट्ट पावसाळ्यावर सोडावा. मे महिन्यात बाग फुलवायची नसते, जगवायची असते.