विश्लेषण : चौथीतल्या मुलाच्या हाती व्हायोलिन… वर्षभरात त्याने नेमकं काय शिकायचं?

अमेरिकेतील अनेक सरकारी शाळांत चौथी-पाचवीत, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या वयात, मुलांना वाद्य निवडता येतं. फ्लूट, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन किंवा ड्रम घेणारी मुलं ‘बँड’मध्ये जातात; व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास घेणारी ‘स्ट्रिंग्ज’मध्ये. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांपुढेही ही निवड येते आणि लगेच प्रश्न पडतो, ‘वर्षअखेर पोरगं कोणतं गाणं वाजवेल?’ पण प्रश्नच थोडा चुकीचा आहे. का, ते समजून घेऊ.

हे वर्ग चालतात कसे?

पद्धत शाळेगणिक बदलते. सर्वसाधारणपणे आठवड्यातून एक-दोनदा अर्ध्या तासाचा, छोट्या गटाचा तास असतो. त्यासाठी मुलांना नेहमीच्या वर्गातून बाहेर नेलं जातं, म्हणून याला ‘पुल-आउट’ म्हणतात. वाद्य बहुतेकदा महिन्याच्या भाड्याने घेतात. व्हायोलिन अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं. मुलाचा हात वाढला की माप बदलावं लागतं, त्यामुळे भाडं परवडतं.

आता हिशोब पाहा. शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं, म्हणजे ३६ आठवडे. आठवड्याला अर्धा तास धरला, तर वर्षभरात हाती येतात फक्त १८ तास. घरी आठवड्यातून पाच दिवस १५ मिनिटं सराव केला, तर तेच ४५ तास होतात. म्हणूनच सरावाची सवय हे पहिल्या वर्षाचं मोठं लक्ष्य ठरतं.

लक्ष्यं कोण ठरवतं?

अमेरिकेत देशभर एकच सक्तीचा अभ्यासक्रम नाही. राज्यं आणि स्थानिक शिक्षण मंडळं निर्णय घेतात. दिशा देण्यासाठी २०१४ मध्ये कलाशिक्षणाची ऐच्छिक राष्ट्रीय मानकं आली. त्यात चार प्रक्रिया आहेत : निर्मिती, सादरीकरण, ऐकून प्रतिसाद देणं आणि संगीताचा इतर गोष्टींशी संबंध जोडणं. म्हणजे वाजवणं हा चारांपैकी एक भाग. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानेही ‘सर्वांगीण शिक्षणा’च्या विषयांत संगीताचं नाव स्पष्ट घेतलं.

पहिल्या वर्षी काय यायला हवं?

• बसणं आणि धरणं : पाठ ताठ, खांदे सैल, वाद्य योग्य कोनात. व्हायोलिनचा गज धरायला शिकण्यातच बरेच आठवडे जातात, म्हणून सुरुवात तारा बोटाने छेडून होते.
• सूर : फुंकवाद्यात ओठांची ठेवण, पोटातून श्वास आणि जिभेने सुराची स्वच्छ सुरुवात. तंतुवाद्यात सरळ चालणारा गज.
• वाचन : चार, दोन, एक आणि अर्ध्या मात्रेचे सूर ओळखणं, विराम मोजणं.
• एकत्र वाजवणं : संचालकाच्या हाताकडे बघून एकत्र सुरू होणं, एकत्र थांबणं आणि शेजारच्याचा सूर ऐकणं.
• काळजी : वाद्य पुसणं, जोडणं, पेटीत नीट ठेवणं.
• निर्मिती : शिकलेल्या तीन-चार सुरांत स्वतःची छोटी ओळ रचणं.

बँड आणि स्ट्रिंग्ज सुरुवातीला वेगळे का?

कारण वाद्यांच्या रचनेत आहे. बँडची मुलं सहसा ‘बी फ्लॅट’ला सा मानून सा ते प हे पाच सूर आधी शिकतात, बहुतेक फुंकवाद्यांना ते सोयीचे पडतात. स्ट्रिंग्जमध्ये ‘डी’ आणि ‘ए’ या तारा चारही वाद्यांवर असतात, म्हणून तिथे ‘डी’ हा सा ठरतो. दोन्ही गटांचा सा वेगळा, त्यामुळे पहिल्या वर्षी त्यांना एकत्र वाजवणं अवघड जातं.

पेटी किंवा तबला शिकलेल्या मुलाला लयीचा आणि कानाचा फायदा मिळतो. मात्र आपला सा कोणत्याही पट्टीत बसतो. स्टाफ नोटेशनमधली प्रत्येक रेघ विशिष्ट सुराची असते. हा फरक घरी आधीच सांगितला, तर मुलाचा गोंधळ कमी होतो.

मग अडचण कुठे आहे?

वर्षअखेरच्या कार्यक्रमात. पालक येतात, मोबाइल वर होतात आणि शिक्षकावर दडपण येतं. सोपी वाट म्हणजे प्रत्येक सुराखाली बोटांचे आकडे लिहून गाणं पाठ करून घेणं. टाळ्या मिळतात, पण त्याच मुलापुढे चार मात्रांची नवी ओळ ठेवली की ते अडतं. खरी प्रगती त्या न पाहिलेल्या ओळीत दिसते. त्यामुळे कार्यक्रम हवाच, पण मूल्यमापन त्यावर नको. महिन्यातून एकदा एकट्याने वाजवलेली ओळ फोनवर रेकॉर्ड करून मागच्या महिन्याच्या ओळीशी ताडणं जास्त प्रामाणिक ठरेल.

दुसरी हरकत : गणिताचा तास बुडतो त्याचं काय? काही शाळा वाद्याच्या तासाची वेळ दर आठवड्याला बदलतात, म्हणजे एकच विषय सतत बुडत नाही. तास शाळेबाहेर ढकलणं हा उपाय नव्हे. तसं झालं तर ज्यांच्याकडे खासगी शिकवणीचे पैसे आहेत, त्यांचीच मुलं शिकतील.

आपण यातून काय घ्यावं?

आपल्याकडे परंपरा नाही असं नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलं नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. पुढे अनेक गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. लिहिलेलं वाचून लगेच वाजवता येणं ही त्यांची ताकद होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद अशा परीक्षांनी पायऱ्या आखून दिल्या, पण हे शिक्षण बहुतांशी शाळेबाहेर, क्लासमध्ये होतं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० म्हणतं, अभ्यासाचे विषय आणि ‘इतर उपक्रम’ यांत भिंत नको. ती भिंत पाडायची, तर संगीताच्या तासालाही गणितासारखीच लेखी लक्ष्यं हवीत : पहिलीत काय, पाचवीत काय, हे पालकाला कागदावर दिसलं पाहिजे. २६ जानेवारीच्या संचलनापुरता बँड उभा करणाऱ्या शाळेत मुलं एक धून शिकतात. लक्ष्य ठरवून शिकवणाऱ्या शाळेतलं मूल पुढची धून स्वतःच्या बळावर वाचू शकतं.