'दऱ्या' आणि 'दर्या' : पत्ता कोणाच्या नावावर?

विद्यार्थ्यांनी आपल्या भित्तिपत्रकासाठी 'दऱ्याखोऱ्यांतून' हे नाव निवडले, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नव्हते. आमच्या वर्गाच्या खिडकीतून पारसिकची डोंगररांग दिसते आणि दगडखाणींनी तिच्या कुशीत पाडलेल्या खाचाही दिसतात. भित्तिपत्रक महाजालावर न्यावे आणि त्याचा पत्ताही देवनागरीत, 'डॉट भारत' या शेपटीसह असावा, असा मुलांचा आग्रह होता. नावनोंदणी करून देणाऱ्या एका कंपनीच्या अर्जात आम्ही नाव टंकले. पडद्यावर उमटले ते 'दर्याखोर्यांतून'. डोंगरातून आम्ही थेट समुद्रात पडलो.

मुले हसली. मराठीच्या अध्यापकाला मात्र नुसते हसून भागत नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दाखवत आलो. तो फरक पुसण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे शोधू लागलो आणि एका अनोळखी प्रदेशात जाऊन पोहोचलो.

उत्तराचा पहिला भाग लिपीचा आहे. संगणकावर 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत साध्या 'र'ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह घालतात. दुसरीत नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतील पत्त्यांचे जे आंतरराष्ट्रीय नियम २००३ साली ठरले, त्यांत ते अदृश्य चिन्ह सरळ गाळून टाकण्याची तरतूद होती. गाळले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. २०१० साली नियम सुधारले आणि त्या चिन्हाला काही अटींवर प्रवेश मिळाला. पण पत्त्याच्या शेवटच्या, सर्वांत वरच्या पातळीवर त्याला आजही मज्जाव आहे. त्या पातळीसाठी ब्राह्मीजन्य लिप्यांचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१९ साली देवनागरीचा मसुदा दिला, त्यात मराठीच्या 'ऱ'ला जागा मिळाली, तीही 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' या जोडाक्षरांपुरती. या मंडळाच्या सहअध्यक्षांपैकी एक होते उदय नारायण सिंह, भाषावैज्ञानिक आणि मैथिलीचे कवी. म्हणजे कवीला त्या खोलीत प्रवेश होता. गेल्या वीस वर्षांत मी ज्या ज्या मराठी चर्चासत्रांना बसलो, त्यांतल्या एकातही या विषयाचा उच्चार ऐकला नाही. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' घेतले, तेव्हा आपल्यात किती वाद झाले ते आठवावे. त्याच सुमारास आपली अक्षरे दुसऱ्या एका दरबारात उभी होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

उत्तराचा दुसरा भाग मालकीचा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

नवी मुंबईत राहणाऱ्याला मालकी आणि भाडेपट्टा यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. घर आपले, कर्ज आपले, पायाखालची जमीन मात्र सिडकोची, साठ वर्षांच्या पट्ट्याने. महाजालावरचे नाव तर त्याहूनही अल्प मुदतीचे असते: वर्षा-दोन वर्षांचे शुल्क भरायचे, चुकले की नाव दुसऱ्याचे. पण ज्याच्याकडे शुल्क भरायचे, त्याच्याकडे तरी ते नाव कुठून आले?

'डॉट इन' हे भारताचे नाव ८ मे १९८९ रोजी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे सोपवले गेले. जुहूला असलेल्या या संस्थेचे संचालक होते एस. रमणी. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्यातील आठ भागीदारांत ती एक होती; बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे उरलेले सात. पैसा काही भारत सरकारचा, काही संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा. आपल्या देशाच्या नावाची पहिली पाटी जुहूच्या एका संशोधनसंस्थेत लागली आणि ज्या जाळ्यावर ती लागली त्याच्या उभारणीत जागतिक वर्गणीचाही वाटा होता, हे मला मराठीच्या कोणत्याही सांस्कृतिक इतिहासात वाचायला मिळालेले नाही. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिची एक वास्तू आमच्याकडे, खारघर स्थानकासमोर रेनट्री मार्गावर आहे. मी कित्येक वर्षे तिच्यावरून जातो.

सोपवले गेले म्हणजे कोणी सोपवले? तेव्हा हा कारभार जॉन पोस्टेल हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ पाहत. कोणता प्रदेश देश आणि कोणता नाही, हे ठरवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची दोन अक्षरी यादी त्यांनी घेतली. मार्च १९९४ मध्ये त्यांनी नियम लेखी केले. त्यांचा गाभा असा, की देशाचे नाव सांभाळणारा हा विश्वस्त आहे. त्याने 'हक्क' आणि 'मालकी' यांची भाषा करू नये, 'जबाबदारी' आणि 'सेवा' यांची करावी. तांत्रिक दस्तऐवजात अशी भाषा सापडेल असे मला वाटले नव्हते.

१९९८ साली 'आयकॅन' ही कॅलिफोर्नियातील ना-नफा संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी पोस्टेल वारले. अमेरिकी सरकारशी असलेला तिचा करार १ ऑक्टोबर २०१६ ला संपला. तिच्या खर्चाची व्यवस्था मोठी गमतीची आहे. 'डॉट कॉम'सारख्या नावांच्या नोंदणीसंस्था करारानुसार शुल्क देतात. देशांच्या नोंदणीसंस्था मात्र स्वखुशीने देतात, अगदी गणेशोत्सवाच्या वर्गणीसारखे. पावतीपुस्तक घेऊन मंडळ येते, कोणी भरघोस देतो, कोणी दार उघडत नाही. मंडळाची सक्ती चालत नाही, कारण मागील दाराने सक्ती आली की तिच्याबरोबर हुकूमतही येईल, ही भीती. २००५ च्या ट्यूनिस शिखर परिषदेतही, एका देशाच्या नावाच्या कारभारात दुसऱ्या देशाने पडू नये, असे मान्य झाले. मला ही भीती रास्त वाटते. वर्गणीची पद्धत अजागळ असेल, पण तिच्यात स्वातंत्र्य आहे.

बाहेरच्या हुकूमतीची भीती दूर ठेवली, की आतला प्रश्न उरतो: नावाच्या शुल्कातून जमणारा पैसा कोणासाठी? काही चिमुकल्या देशांनी नावच भाड्याने दिले. तुवालूने २००० साली 'डॉट टीव्ही' एका अमेरिकी कंपनीला दिले आणि त्याच वर्षी तो देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. सदस्यत्वाचा खर्च या पैशातून निघाला, असे सांगतात. अँग्विलाच्या सरकारी महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा २०२३ साली 'डॉट एआय'मधून आला. समुद्राने वेढलेल्या गरीब बेटांना नावे ठेवण्याची माझी तयारी नाही. कॅनडाची गोष्ट वेगळी. तेथील नोंदणीसंस्थेत नावधारकाला सदस्य होता येते, सदस्य संचालक निवडतात, आणि संस्था सामाजिक प्रकल्पांना अनुदाने देते. नेदरलँड्सच्या संस्थेने याच कामासाठी निधी उभारला आहे. ब्राझीलमध्ये नावनोंदणीच्या पैशातून संशोधन केंद्र चालते.

आपल्याकडे १९९२ ते २००४ या काळात 'डॉट इन'ची जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली, इतके नियम जाचक होते. १ जानेवारी २००५ पासून कारभार 'निक्सी'कडे आला. ही सरकारच्या पुढाकाराने २००३ साली स्थापन झालेली ना-नफा कंपनी. दारे उघडली आणि आज ही नावे तीस लाखांच्या वर गेली आहेत. तांत्रिक काम परदेशी कंपन्यांकडे राहिले: आधी अफिलियस, मग न्यूस्टार, आणि २०२४ मध्ये निवड झाली ती कॅनडाच्या ट्यूकाउसची. याबद्दल मला तक्रार नाही. छापखाना कोणाचाही असो, संपादक आपला असला म्हणजे झाले. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी 'डॉट भारत' सुरू झाले, मराठीसह आठ भाषांसाठी. त्याचे श्रेय 'निक्सी'ला दिलेच पाहिजे.

माझे म्हणणे पुढचे आहे. विश्वस्ताकडे शिल्लक राहते ती कोणाच्या कामी यावी, हे ठरवण्यात नावधारकांना आणि भाषांच्या लोकांना जागा हवी. त्या शिलकेतला एक लहानसा वाटा भारतीय भाषांतील वाङ्मयीन स्थळे जिवंत ठेवण्यासाठी राखावा. हे हौसेपोटी म्हणत नाही. माझ्या एका पनवेलच्या स्नेह्याने २००४ च्या सुमारास दुर्मीळ लघुनियतकालिकांच्या अंकांची पाने स्वतः छायांकित करून एका स्थळावर ठेवायला सुरुवात केली. सात वर्षे रात्री जागून तो हे काम करीत होता. मग तो आजारी पडला. नूतनीकरणाची पत्रे ज्या पेटीत येत, ती कोणी उघडली नाही. पाच-सहाशे रुपयांची बाब. आज त्या पत्त्यावर सट्ट्याची जाहिरात दिसते. मूळ अंकांपैकी काही त्याच्या घरच्या रद्दीत गेले होते. त्यांची एकमेव प्रत त्या स्थळावर होती.

असे काही झाले, तर विश्वस्ताने मुदत संपण्यापूर्वी विचारावे, वर्ष-दोन वर्षे ते नाव गोठवून ठेवावे, मजकुराची एक प्रत ग्रंथालयाकडे जाईल असे पाहावे. छापील पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत देण्याचा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. महाजालावरच्या पानाला मात्र शुल्काची पावती संपली की वालीच उरत नाही.

'हे अभियंत्यांचे काम, आपण कविता शिकवावी,' असे एका सहकाऱ्याने मला सुनावले. जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून सिडकोवर धडकलेल्या मोर्चात हाच सहकारी होता, आणि त्याचे तिथे असणे मला योग्यच वाटते. नावासाठी रस्त्यावर उतरणारी ही माणसे आहेत. देशाचे नाव कोणाच्या वहीत, कोणत्या अक्षरांत आणि कोणत्या अटींवर लिहिले आहे, हे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी चौकशी नक्कीच केली असती. सांगणार कोण? ते काम आपले होते, आणि आपण वर्गात 'नाममाहात्म्य' शिकवत बसलो.

भित्तिपत्रकाचे पुढे काय झाले ते सांगतो. नुक्त्याच्या 'ऱ'ने नाव पुन्हा टंकले, ते पडद्यावर बरोबर उमटले. मग मुलांच्या लक्षात आले, की देवनागरी पत्त्यावरचा ईपत्रव्यवहार त्यांच्या ओळखीतल्या निम्म्या स्थळांना चालत नाही. म्हणून शेजारी एक रोमन नावही घेतले. दोन्हींचे शुल्क यंदा विभागाच्या चहाच्या डब्यातून गेले. पुढची तारीख ऑगस्टात आहे. ती मी हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवली आहे, आणि माझ्यानंतर जो कोणी विभागप्रमुख होईल त्याला ते पान दाखवायचे, असे दोघा विद्यार्थ्यांना बजावले आहे.