अंडी बाहेरून येतात, बोकड बाहेर जातात: यवतमाळच्या कुपोषणाचा एक हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारातील अंड्यासाठीचा निधी थांबवला. अंडे द्यायचेच असेल तर शाळेने लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ चा. तो सव्वा वर्षही टिकला नाही. शहरात वर्गणी जमेलही. झरी जामणीच्या कोलाम पोडावर ती कोण देणार?

एका अंड्याने असा काय फरक पडतो, असे अनेकजण विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या जवळजवळ ६९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आहे. आपल्याकडच्या गरीब घरात मूल ज्वारी, भात आणि पातळ वरणावर वाढते. पोट भरते, पण चांगली प्रथिने कमी पडतात, आणि बी-१२ तर फक्त प्राणिजन्य अन्नातच नैसर्गिकरीत्या मिळते. अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने आणि बी-१२ मिळते. लोहासाठी मात्र अंडे कमी पडते. त्यातले लोह नीट शोषले जात नाही. तिथे मटण आणि कलेजी कामाची. वरण-भातात मटणाचे दोन बारीक तुकडे कुस्करले तरी डाळीतले लोहसुद्धा जास्त शोषले जाते.

आता पुरवठ्याकडे पाहू. शेळ्या याच गावांत, बहुतेक बायाच पाळतात. पेरणीला किंवा आजारपणात पैसा लागला की बोकड आठवडी बाजारात जातो. व्यापारी वजन न करता, अंदाजाने भाव ठरवतो आणि माल मोठ्या शहरांकडे निघतो. पांढरकवडा तर नागपूर-हैदराबाद महामार्गावरच आहे. पाळणारीच्या घरी मटण सणावारालाच शिजते, कारण किलोभर मटणाला दोन-तीन दिवसांची मजुरी लागते.

अंड्यांचे उलटे. राज्यात रोज सुमारे एक कोटी अंडी कमी पडतात, असे पशुसंवर्धन विभागाने २०२३ मध्ये सांगितले होते. ती तेलंगणासारख्या राज्यांतून येतात. घरच्या कोंबड्या असतात, पण मानमोडीची (राणीखेत) साथ आली की खुराडे रिकामे होते. लस स्वस्त आहे. अडचण अशी की एक कुपी शंभरावर पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. घरी कोंबड्या सात. म्हणून सगळ्या पोडाचे लसीकरण एकाच दिवशी झाले तरच जमते. माझ्या मते कुपोषणावरचा सर्वात स्वस्त उपाय हाच आहे, आणि तो आरोग्य खात्याच्या नव्हे तर पशुवैद्यकाच्या हातात आहे.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील अंगणवाडीच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी मिळतात. खरेदी गावची आहार समिती करते, म्हणजे गावातल्याच बाईकडून अंडी घेण्याची वाट आहे. पण थंडीत अंड्याचा भाव चढतो आणि योजनेचा दर तोच राहतो. पैसे उशिरा आले तर सेविकेलाच उधारी करावी लागते. दर बाजाराशी जोडायला हवा. योजनेच्या यादीत नसलेल्या गावांत हेही नाही. तिथे शाळेतले अंडे गेल्याचा फटका जास्त.

तोवर घरी: सहा महिन्यांनंतर बाळाला पूर्ण उकडलेले अंडे थोडेथोडे सुरू करा. मोठ्या मुलाला आठवड्यातून एकदा नीट शिजवलेली थोडी कलेजी चालते. गरोदर बाईने मात्र ती टाळावी, त्यात अ जीवनसत्त्व फार असते. अंगणवाडीत दंडाचे माप ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरले, किंवा पायावर सूज आली, तर अंड्यावर विसंबू नका. मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.